ऑफिसला पोचेपर्यंत फुप्फुसात काय जातं, आणि ते कमी कसं करायचं

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला वेताळ टेकडीवर उभं राहून खाली बघितलं की पुण्यावर एक मळकट तपकिरी पट्टा दिसतो. वर स्वच्छ निळं आभाळ, खाली इमारतींच्या गच्च्या आणि मधे हा पट्टा, चहाच्या पातेल्याला आतून धरलेल्या कडेसारखा. टेकडी उतरून तासाभरात मी ॲक्टिव्हा काढते आणि त्याच पट्ट्याच्या तळाशी शिरते. कर्वेनगर ते शिवाजीनगर. अंतर जेमतेम सात किलोमीटर, पण ऑफिसच्या वेळेला चाळीस मिनिटं लागतात.

शहराची हवा मी एकटी बदलू शकत नाही, हे मान्य. पण प्रवासाची वही ठेवायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. चाळीस मिनिटांतला बराचसा धूर मी दहा-बारा मिनिटांतच खात होते, आणि तोही रोज त्याच चार-पाच जागी. या जागा शोधता येतात आणि त्यातल्या बऱ्याच टाळताही येतात. हा लेख त्यासाठीच आहे. दुचाकीवाल्यांना जास्त उपयोगी पडेल, पण रिक्षा, बस, लोकल, कार, सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठीही पुढे लिहिलं आहे.

आधी हिशेब समजून घ्या

किती घाण आत गेली याचं गणित तीन गोष्टींचं आहे: हवेत किती आहे, दर मिनिटाला आपण किती हवा ओढतो आणि किती वेळ. तिन्हींचा गुणाकार करायचा. लोक पहिल्या आकड्यावरच अडकतात. हातातल्या गोष्टी बहुतेक तिसऱ्यात असतात, थोड्या दुसऱ्यात.

गाडीवर नुसतं बसलेलं माणूस मिनिटाला साधारण १० लिटर हवा घेतं असं धरू. चाळीस मिनिटांत ४०० लिटर, म्हणजे ०.४ घनमीटर. आता समजा, यातली तीस मिनिटं बारीक धुळीचं प्रमाण घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे आणि दहा मिनिटं, म्हणजे सिग्नलवर, पुलाखाली किंवा डंपरच्या मागे, ते २५० आहे. पहिल्या तीस मिनिटांत आत गेले २४ मायक्रोग्रॅम. उरलेल्या दहा मिनिटांत २५. म्हणजे पाव वेळात अर्धी घाण. ती दहा मिनिटं टाळण्यासाठी सहा मिनिटांचा वळसा पडला, तरी छेचाळीस मिनिटांचे ३७ होतात, ४९ नाही. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण गणित हेच.

प्रत्यक्ष मोजणीतही असंच चित्र दिसलं आहे. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्रशांत कुमार यांच्या गटाने २०१५ साली कारमधल्या प्रवाशांवर केलेलं काम बघा. प्रवासाचा फक्त २ टक्के वेळ सिग्नलच्या चौकांत गेला होता, पण श्वासातून गेलेल्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे २५ टक्के तिथलेच होते. कारण साधं आहे. थांबलेल्या गाड्या एका जागी धूर सोडत राहतात, आणि हिरवा दिवा लागला की सगळ्या एकदम जोर लावतात. जोर लावताना इंजिन जास्त ओकतं.

धुरात नेमकं काय असतं? सगळ्यात चर्चा होते ती पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. सायलेन्सरमधून येणारे ताजे कण तर याहूनही कितीतरी बारीक असतात. सोबत नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू. शिवाय ब्रेकचा भुसा, टायरची झीज आणि रस्त्यावरचा फुफाटा, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या आल्या तरी हा भाग उरतोच. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत टाकलं आहे. भारताची पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस १५. एवढी तफावत डोक्यात असू द्या, म्हणजे हवेचा दर्जा दाखवणाऱ्या ॲपवर 'समाधानकारक' दिसलं की लगेच समाधान मानणार नाही.

पायरी १ : एक आठवडा वही

सोमवार ते शुक्रवार, जाता-येता. यंत्र लागत नाही. ऑफिसला पोचल्यावर दोन मिनिटांत चार गोष्टी लिहा: निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता, कुठे-कुठे दोन मिनिटांहून जास्त थांबलो आणि धूर कुठे जाणवला. जाणवला म्हणजे डोळे चुरचुरले, घशात खवखव झाली, डिझेलची चव आली, पुढच्या गाडीचा गरम झोत पायावर आला. शरीर बारीक कण मोजू शकत नाही हे खरं, पण ताज्या धुराचा पत्ता त्याला चांगला लागतो.

शुक्रवारी फोनवर नकाशा उघडून या जागा खुणा करा. माझ्या वहीत दहापैकी नऊ वेळा कर्वे रस्त्यावरचा नळ स्टॉप चौक होता. त्यानंतर डेक्कनच्या आसपासचा भाग, आणि एक जागा तर मला आधी कधी सुचलीच नसती: आमच्या ऑफिसशेजारच्या बांधकामाचं गेट. तिथून सिमेंट मिक्सर बाहेर पडताना मी रोज त्याच्या मागे अडकत होते.

हातात मावणारी मोजणी यंत्रं काही हजारांत मिळतात. मैत्रिणीकडून मीही एक आठवडा आणलं होतं. गंमत म्हणून ठीक आहे. पण ही स्वस्त यंत्रं लेझरने कण मोजतात आणि दमट हवेत पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजून टाकतात. त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. 'इथे त्या जागेच्या दुप्पट' एवढी तुलना कळली तरी पैसे वसूल.

पायरी २ : मोठ्या रस्त्याला समांतर गल्ली शोधा

सगळ्यात जास्त फायदा याच पायरीत आहे, म्हणून जरा सविस्तर.

वाहनांचा ताजा धूर रस्त्यापासून दूर गेलं की झपाट्याने पातळ होतो. दीडशे ते तीनशे मीटरवर तो शहराच्या बाकीच्या हवेत बऱ्यापैकी मिसळून गेलेला असतो, आणि सगळ्यात मोठी घट पहिल्या काही दहा मीटरांत होते. म्हणजे मुख्य रस्त्याच्या मागची एक गल्ली धरली तरी फरक पडतो. मी नळ स्टॉपच्या अलीकडे-पलीकडे जमेल तिथे कर्वे रस्ता सोडते आणि प्रभात रोडच्या बाजूच्या गल्ल्यांतून डेक्कन गाठते. पाच-सहा मिनिटं जास्त लागतात, झाडं भेटतात आणि स्पीडब्रेकरही भरपूर भेटतात.

रस्ता निवडताना हे बघा:

- दोन्ही बाजूंना उंच, एकमेकींना चिकटलेल्या इमारती आणि मधे अरुंद रस्ता, जसा लक्ष्मी रोड, अशा ठिकाणी धूर घळीत साचावा तसा साचतो. गाड्या कमी असल्या तरी हवा जड असते.
- चढ असलेला रस्ता आणि तोच सपाट रस्ता यात सपाट घ्या. चढावर इंजिन जास्त धूर सोडतं, आणि सायकलवर असाल तर दमही जास्त लागतो.
- डंपर, मिक्सर, पाण्याचे टँकर यांचा नेहमीचा मार्ग कोणता, हे परिसरातल्या रिक्षावाल्याला विचारा. त्याला पाठ असतं.
- उड्डाणपुलाचा पर्याय असेल तर पुलावरून जा. पुलावर वारा असतो, पुलाखाली छत.

नकाशाचं ॲप कायम सर्वात जलद रस्ता दाखवतं, स्वच्छ नाही. म्हणून दोन-तीन पर्याय स्वतः गाडी घालून बघावे लागतात. रविवारी बघू नका. रविवारी पुण्यातला प्रत्येक रस्ता स्वर्ग असतो.

एक सुरक्षेची गोष्ट. गल्ली रात्री सुनसान असेल किंवा दिवे नसतील तर येताना मुख्य रस्त्यानेच या. धूर वाचवायला दुसरी काळजी विकत घेऊ नये.

पायरी ३ : सिग्नल

गल्ल्या धरल्या तरी चार-दोन सिग्नल उरतातच. तिथे कुठे उभं राहायचं हे आपल्या हातात आहे. बस, ट्रक, टेम्पो किंवा काळा धूर सोडणाऱ्या रिक्षाच्या थेट मागे थांबू नका. एक-दोन गाड्यांचं अंतर ठेवा, किंवा शेजारच्या रांगेत जा. बहुतेक बसचा सायलेन्सर मागे खाली असतो आणि दुचाकीवाल्याचं नाक त्या झोतापासून फार लांब नसतं. रांगेच्या पुढे, थांबण्याच्या रेषेपाशी जागा मिळाली तर सगळ्यात बरं, कारण बहुतेक सायलेन्सर तुमच्या मागे राहतात. पण त्यासाठी ट्रकच्या कडेने घुसू नका, आणि झेब्रावर तर नकोच.

लांब सिग्नलला इंजिन बंद करा. तुमच्या धुराचा पहिला गिऱ्हाईक तुमच्या मागचा असतो आणि पुढच्याच्या धुराचे गिऱ्हाईक तुम्ही. पीयूसीचं सांगायचं तर ती वेळेवर करून घ्याच, पण पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, बारीक कण मोजत नाहीत. एअर फिल्टर आणि सर्व्हिसिंगकडे दुर्लक्ष करून नुसतं प्रमाणपत्र डिकीत ठेवण्याला फार अर्थ नाही.

पायरी ४ : वेळ

हिवाळ्यात जमिनीलगतची हवा रात्री थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर वर जाऊ शकत नाही. टेकडीवरून दिसतो तो पट्टा हाच. ऊन तापल्यावर, साधारण अकरानंतर, झाकण उचललं जातं आणि संध्याकाळी पुन्हा बसायला लागतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी आठ ते दहा ही वेळ दुहेरी वाईट: झाकणही आहे आणि गर्दीही. पुणे टेकड्यांच्या मधे खोलगट जागी असल्याने इथे हे जास्त जाणवतं. मुंबईत समुद्राकडून येणारा दुपारचा वारा शहर धुऊन काढतो, पण हिवाळ्यात तो उशिरा सुटतो किंवा मंदावतो, आणि मग मुंबईकरही कुठलीतरी गच्ची धुक्यात हरवल्याचे फोटो टाकतात. ते निव्वळ धुकं नसतं.

ऑफिसात वेळेची मुभा असेल तर हिवाळ्यापुरती दहाऐवजी अकराची पाळी मागून बघा. सातला निघणं हाही पर्याय आहे; झाकण असतं, पण गाड्या कमी आणि थांबणं कमी. मी दोन्ही करून बघितलं. सातचं मला जमलं नाही, याचा हवेशी संबंध नाही.

पायरी ५ : तुमच्या वाहनाप्रमाणे

कार: काचा बंद आणि आतलीच हवा फिरवणारं बटण, गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो ते, दाबा. बाहेरची हवा आत घेणारं सेटिंग ठेवलंत तर पुढच्या गाडीचा धूर थेट केबिनमध्ये येतो. मात्र आतलीच हवा फार वेळ फिरवली की कार्बन डायऑक्साइड वाढून पेंग येते, विशेषतः चौघं असतील तर. पंधरा-वीस मिनिटांनी, मोकळा रस्ता बघून, एक-दोन मिनिटं काचा उघडा. बोगद्यात शिरण्याआधी बटण दाबायला विसरू नका. आणि केबिन फिल्टर. तो आहे हेच अनेकांना माहीत नसतं. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. पुढच्या सर्व्हिसिंगला जुना काढून दाखवायला सांगा, रंग बघूनच बदलाल.

रिक्षा: दोन्ही बाजू उघड्या आणि बसणारा खाली, सायलेन्सरच्या उंचीला जवळ. करण्यासारखं थोडंच आहे: मधे बसा, लांबचा रस्ता असेल तर 'मागच्या गल्लीने घ्या' म्हणा, मास्क लावा.

बस: दाराजवळची जागा टाळा, प्रत्येक थांब्याला तिथून धूर आत येतो. थांब्यावर वाट बघताना बस जिथे थांबते तिथे उभं राहण्यापेक्षा मागे, भिंतीकडे सरका. त्या आठ-दहा मिनिटांचा डोस बसमधल्या प्रवासाला मागे टाकू शकतो.

लोकल आणि मेट्रो: रूळ रस्त्यापासून दूर असतात, त्यामुळे गाडीत असतानाचा काळ तुलनेने बरा. मुंबईत खरी गोम स्टेशनबाहेर आहे: अंधेरी, कुर्ला, घाटकोपरला रिक्षांच्या रांगेतून चालत जाणं. स्कायवॉक असेल तर पायऱ्या चढायचा कंटाळा करू नका. पुण्यात वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गांच्या जवळ राहत असाल तर आठवड्यातले दोन दिवस तरी मेट्रोने जाऊन बघा, वहीत फरक दिसेल.

सायकल आणि चालणं: इथे गणितातला दुसरा आकडा मोठा होतो. सायकलवर मिनिटाला ३५ लिटरच्या आसपास हवा लागते, म्हणजे स्कूटरवर बसलेल्याच्या तिप्पट-चौपट. मग सायकल सोडायची का? नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हा हिशेब मांडला होता. पीएम २.५ घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरातही सायकलच्या व्यायामाचा फायदा हवेच्या तोट्यापेक्षा जास्तच राहतो, तो मागे पडायला रोज दीड तासाहून जास्त सायकल चालवावी लागते. चालण्यासाठी ही मर्यादा १० तासांहून जास्त. म्हणून सायकल चालवा, फक्त गल्लीतून आणि दम न लागेल अशा वेगाने. इथे शॉर्टकटपेक्षा वळसा बरा.

चालणाऱ्यांसाठी वाऱ्याचं एक गमतीशीर तंत्र आहे. मोकळ्या रस्त्यावर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या फूटपाथवरून चाला, धूर समोरच्या बाजूला जातो. पण दोन्हीकडे उंच इमारती असतील तर वारा वरून येऊन रस्त्यात भोवरा करतो आणि धूर उलट त्याच बाजूला आणून टाकतो, तेव्हा समोरचा फूटपाथ घ्यायचा. रस्ता आणि फूटपाथ यांच्या मधे दाट झुडपांचं कुंपण असेल तर त्याच्या मागून जा. नुसती उंच झाडं तेवढी कामाची नाहीत, धूर खोडांमधून सहज येतो.

आणि सकाळचं फिरणं मुख्य रस्त्याच्या कडेने करणाऱ्या काका-काकूंना एक विनंती. लंडनमध्ये साठीपुढच्या ११९ लोकांना दोन तास चालायला लावून एक प्रयोग झाला, एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा डिझेल बस-टॅक्सींच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. बागेत चालल्यावर फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावर चालल्यावर यातलं फारसं काही हाती लागलं नाही. यात हृदयविकार आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, असलेलेही होते. पुण्यात टेकड्या आहेत, बागा आहेत. तिथवर रिक्षाने गेलात तरी चालेल.

पायरी ६ : मास्क, स्कार्फ आणि गैरसमज

पुण्यातल्या मुलींचा डोळे सोडून सगळा चेहरा बांधणारा स्कार्फ देशात प्रसिद्ध आहे. मीही बारा वर्षं बांधला. ऊन, फुफाटा, केस यांसाठी उत्तम. बारीक कणांसाठी जवळपास निरुपयोगी, कारण कापडाची वीण त्यांच्यासाठी उघड्या दारासारखी आहे. निळा सर्जिकल मास्क थोडा बरा, पण कडेने हवा गळते.

काम करतो तो एन९५ किंवा एफएफपी२. नीट बसला तर बारीक कणांपैकी साधारण ९४-९५ टक्के अडवतो. 'नीट बसला तर' हेच महत्त्वाचं. नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी दाबा, दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर बसलेला नाही. डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांचा मास्क कानात अडकवायच्या मास्कपेक्षा घट्ट बसतो. दाढी असेल तर गळती होणारच. झडपेचा मास्क प्रदूषणासाठी चालतो, श्वास सोडायला सोपा जातो. मास्क वायू अडवत नाही, त्यामुळे मास्क आहे म्हणून ट्रकमागे उभं राहायला हरकत नाही असं नाही. धुवायचा नाही. ओढताना जड लागला, मळला किंवा पट्टी सैल झाली की नवा घ्यायचा. स्कार्फ आवडत असेल तर मास्कवरून बांधा.

ॲपवरचा आकडा कसा वाचायचा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' आणि पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'सफर' ही दोन ठिकाणं पुरेशी आहेत. आकडा बघताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक्यूआय म्हणजे मायक्रोग्रॅम नव्हेत, तो हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आहे. मुख्य आकडा २४ तासांच्या सरासरीवर निघतो, त्यात सकाळी नऊचा चौक दिसत नाही. आणि परदेशी ॲप अमेरिकन मोजपट्टी वापरतात: पीएम २.५ घनमीटरला ६० असेल तर आपल्याकडे निर्देशांक १०० येतो, तिथे दीडशेच्या वर. कोणतंही एक ॲप धरा आणि त्यालाच चिकटून राहा. मी साधा नियम केला आहे: भारतीय निर्देशांक २०० च्या वर गेला तर त्या दिवशी घरून काम, नाहीतर मेट्रो. १०० च्या वर असेल तर मास्क.

मुलं, गरोदर बायका, दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण

मुलाचं नाक सायलेन्सरच्या उंचीला असतं आणि वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा जास्त हवा घेतं. स्कूटरवर मुलाला पुढे उभं करणं एरवीही धोक्याचं आहे. शाळेच्या गेटसमोर व्हॅन आणि गाड्या चालू ठेवून उभ्या असतात. मुलाला जरा अलीकडे उतरवून आतल्या बाजूने चालत न्या. पालकांच्या गटात 'गेटवर इंजिन बंद' एवढी एकच मागणी लावून धरली तर शाळा ऐकते, असा आमचा अनुभव. पहिल्यांदा नाही, चौथ्यांदा ऐकलं.

दमा असेल तर इनहेलर डिकीत नको, अंगावरच्या खिशात हवा. उन्हात डिकी तापते. छातीत घट्टपणा, चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा रात्री खोकला सुरू झाला तर प्रवासाची वही डॉक्टरांना दाखवा. एन९५ लावून श्वास घ्यायला त्रास होत असेल तर तो लावण्याआधी त्यांना विचारा.

घरी आल्यावर

चेहरा आणि हात धुवा, नाक पाण्याने साफ करा. रस्त्याकडच्या खिडक्या हिवाळ्यात दुपारी बारा ते चार उघडा आणि गर्दीच्या वेळी बंद ठेवा.

वही बारा महिने लिहायची गरज नाही. पाऊस नीट लागला की शहर धुऊन निघतं, तेव्हा ती मिटून ठेवा आणि नेहमीच्या जवळच्या रस्त्याने जा. दसऱ्यानंतर पुन्हा काढा, आणि पहिल्या आठवड्यात जुन्या खुणा तपासा. मागच्या वर्षीचं बांधकाम संपलेलं असतं, नवीन गेट दुसऱ्याच गल्लीत उघडलेलं असतं, आणि मिक्सर आता तिथून निघत असतो.